चाळीस मीटर वर

वर, क्रेनच्या केबिनमध्ये, मला कधी काही होत नाही.
चाळीस मीटर. काचेचा तळ. बुटांखाली समुद्र,
माणसं म्हणजे पिवळ्या हेल्मेटांचे ठिपके.
वारा आला की केबिन झुलते. झुलू दे.
भीती खाली असते, शिडीच्या शेवटच्या पायरीशी,
पाळलेल्या कुत्र्यागत
माझी पाळी संपायची वाट बघत.

पायाखालची जमीन सरकली,
असं तालकाउआनोत कुणी उपमेने म्हणत नाही.
ती रात्र सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून कुणी कुणाला विचारत नाही.
आधी जमीन हलली, मग समुद्र आला.
इथं सगळ्यांचं वाक्य संपतं
आणि कुणीतरी चहाचं आधण ठेवतं.
माझं पुढे जातं. रोज रात्री जातं.
पलंगाखाली बूट, डाव्या बुटात बॅटरी,
दाराशी पिशवी : कागदपत्रं, बिस्किटं, मुलीचं लसीचं कार्ड.
मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे.

बायकोने चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला.
ग्रिसेल्दा आंतिमान, मानसोपचार, तळमजला.
तळमजला! हसलो. मग गेलो.
माझी नजर सारखी दाराकडे जाते हे बघून
ती उठली, आपली खुर्ची भिंतीशी ओढली,
दारापर्यंतची वाट मोकळी झाली.
त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

सात गुरुवार मी तिला क्रेन शिकवली.
ओझं झुलायला लागलं की दोराला झटका द्यायचा नाही,
त्याच्या मागे जायचं, त्याच्या डोक्यावर येऊन थांबायचं.
ती वहीत लिहून घ्यायची. मला वाटायचं, नाटक करतेय.

मध्ये काही दिवस मी राजा होतो.
एका रात्रीत स्वयंपाकघर निळं रंगवलं,
मेव्हण्याला न मागता पैसे दिले.
मग तीन आठवडे फोन उचलला नाही.
तिचा निरोप होता :
"ओझं झुलत असेल तर झुलू द्या, नोल्बेर्तो.
गुरुवार तुमचाच आहे. आलात तरी, नाही आलात तरी."

गेलो त्या दिवशी जमीन हलली. नेहमीचीच,
कपबशी किणकिणण्याइतकी. रस्त्यावर कुणी मानही वळवली नाही.
मी टेबलाखाली.
ती शेजारी येऊन फरशीवर बसली.
"धीर धरा" म्हणाली नाही. म्हणाली,
"या इमारतीला गच्ची आहे. जायचं?"

चार मजले. दोऱ्यांवर ओल्या चादरी,
चिमट्यांची टोपली, कुणाचे तरी शाळेचे मोजे.
तिथे, दोन चादरींच्या मध्ये, मी एलिसेओचं नाव घेतलं.
धाकटा. माझा हात धरून होता.
हात सुटला, म्हणालो.
मग म्हणालो, मी सोडला.
मग पुन्हा, सुटला.
चौदा वर्षं मी या दोन क्रियापदांच्या मध्ये राहतोय.

तुमची चूक नव्हती, असं म्हणेल म्हणून
मी दात आवळून उभा.
तिने विचारलं, "कोणता हात?"
उजवा.
"हा दिवसभर काय करतो?"
वीस टन उतरवतो, म्हटलं. ट्रकवर. असा,
की ड्रायव्हरच्या कपातली कॉफी हिंदकळत नाही.
ती हाताकडे बघत राहिली. मीही,
जणू तो तिथे उभ्या तिसऱ्याच कुणाचा.
एक चादर उडून तिच्या तोंडावर बसली. ओलीच.

बरा झालास का, बायको विचारते.
काय सांगू? परवा वीज गेली, मुलीने बॅटरी मागितली,
बुटातून काढून दिली.
सकाळी ती फ्रिजवर.
रात्रभर बूट रिकामा होता आणि मी झोपलो होतो.
लक्षात आल्यावर पुन्हा बुटात ठेवली.
गुरुवारी हे सांगितलं तर ग्रिसेल्दा इतकी हसली
की मलाही हसावं लागलं.

लोक म्हणतात, पाय जमिनीवर असू देत.
ठेवतोय. आधी डावा.
शेवटच्या पायरीवर अजून थांबावं लागतं थोडं.
कुत्रं असतंच.
काल जांभई देत होतं.